संत्रा की बाभूळ

छिंदवाड्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला आणि त्या दिवसापासून आमच्या घरातलं सगळं बोलायचं काम माझ्याकडे आलं. बँकेतल्या साहेबाशी विजू बोलेल. रॉकेलच्या लायनीत मधे घुसणाऱ्या बाईशी विजू बोलेल. मला तर काय, मजाच! कारण दोन वर्षांआधी हीच विजू वर्गात ‘हजर’ म्हणायलाही घाबरायची. मग एका उन्हाळ्यात नलिनीआत्यानं मला बोरगावच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात नेलं, एक घमेलं पालथं घातलं आणि म्हणाली, "चढ यावर. अन् या झाडाइले भाषण दे. हे उठून जात नाहीत, हासत नाहीत, अन् टाळ्या पण वाजवत नाहीत. यांच्यासमोर बोलता आलं का मंग माणसाइची काय बिशाद!"

संत्र्याच्या झाडांना भाषण देता देता माझी भीती कुठं गेली ते मलाच कळलं नाही.

म्हणून १९८६च्या डिसेंबरात आत्याच्या मानेत गाठी आल्या, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांशी बोलायलाही मीच गेले. म्हणजे आत्या, बाबा आणि मी. पण बोलायला मी.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. मोहगावला प्राथमिक शाळेत शिकवते, लग्न केलं नाही. का केलं नाही असं कोणी विचारलं तर म्हणते, "मले कोणी पसंतच पडला नाही, अन् ज्याइले मी पसंत पडली ते अक्षर बेकार काढत." माझं विजयमाला हे आजीबाईसारखं नाव तिनंच ठेवलं. नाव ठेवायचा मान आत्याचाच, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. दोन वर्षांआधी तिच्या छातीतली गाठ ऑपरेशन करून काढली होती. तेव्हा आम्हाला वाटलं, झालं, सुटलो. आता डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडावर, पुन्हा गाठी. एक वाटाण्याएवढी, एक बोराएवढी. बोराएवढी मी एकदाच हात लावून पाहिली होती. ती घट्ट होती, जागची हलत नव्हती. रात्रभर ती माझ्या बोटाला लागलेली होती.

डॉक्टर पेंडसे पुण्याकडचे. त्यांनी गाठी पाहिल्या, बाबांना खालच्या दुकानातून पट्ट्या आणि सुया आणायला पाठवलं, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू कितवीत?"

"अकरावी. जीवशास्त्र घेतलंय."

"मग सांग, तुझ्या बोटातल्या पेशीत आणि डोळ्यातल्या पेशीत जनुकं सारखीच असतात की वेगळी?"

"सारखीच."

"मग बोटाला डोळा का फुटत नाही?"

आत्या म्हणाली, "आता बोल ना व, छिंदवाड्याची वाघीण!"

डॉक्टर हसले. म्हणाले, प्रत्येक पेशीत सगळं पुस्तक असतं, पण प्रत्येक पेशी सगळी पानं उघडत नाही. कोणतं पान कधी उघडायचं आणि कधी मिटायचं, यावरच सगळं चालतं. शरीरात इस्ट्रोजेन नावाचं एक संप्रेरक असतं. काही गाठींच्या पेशींत ते पकडणारा रिसेप्टर असतो. इस्ट्रोजेन त्याच्यात जाऊन बसलं की ती जोडी जनुकापर्यंत पोचते आणि वाढीचं पान उघडते. गाठ वाढते. आता टॅमॉक्सिफेन नावाची गोळी आली आहे. ती इस्ट्रोजेनच्या जागेवर स्वतःच जाऊन बसते. पान उघडत नाही.

मी खुर्चीतून उठलेच. "म्हणजे ताण!"

"ताण?"

पुण्याच्या माणसाला ताण काय माहीत! मग मी त्यांना सांगितलं. आमच्याकडे डिसेंबर लागला की संत्र्याच्या बगीच्याचं पाणी तोडतात. विहीर भरलेली असली तरी थेंब देत नाहीत. झाड मलूल होतं, पानं गळतात, बाहेरचा माणूस म्हणेल हे लोक झाडाच्या जिवावर उठले. पण झाडाची वाढ थांबलेली असते. महिन्याभरानं पाणी सोडलं की सगळं झाड एकदम फुलतं. फूल झाडात असतंच, पण पाणी सांगतं तेव्हा ते उघडतं. "तसं आत्याच्या गाठीचं पाणी तोडायचं, अन् मंग कधीच सोडायचं नाही!"

डॉक्टरांनी टेबलावर चष्मा ठेवला. "बरोबर. पण ज्या झाडाला तुमच्या पाण्याची गरजच नाही, त्याचं काय?"

"बाभूळ," आत्या म्हणाली. "बांधावरची. तिले पाणी तोडा नाही तं जोडा."

"हां. काही गाठी तशा असतात. त्यांच्यात रिसेप्टरच नसतो. त्यांना या गोळीनं काही होत नाही. त्यांना जोरदार इंजेक्शनं द्यावी लागतात. केस जातात, उलट्या होतात, आणि एवढं करूनही..." ते आत्याकडे बघून थांबले.

"बोला जी," आत्या म्हणाली. "मी मास्तरीण आहे. नापासाचा निकाल मी पण वाचून दाखवतो पोराइले."

"रिसेप्टर असलेली माणसं बहुतेक जास्त वर्षं जगतात. नसलेली कमी. म्हणून आधी ते बघायचं. वाटाण्याएवढी गाठ मी काढतो, ती मुंबईला तपासू. तुमच्यापैकी कोणी घेऊन जाल? फक्त एक लक्षात ठेवा, बर्फ. रिसेप्टर नाजूक असतो. ऊब लागली की नासतो. मग असूनही दिसत नाही. म्हणून, बर्फ."

तेवढ्यात बाबा पट्ट्या घेऊन आले. त्यांनी शेवटचा एकच शब्द ऐकला. बर्फ.

आमच्या घरात त्या दिवसापासून कॅन्सर हा शब्द गेला आणि संत्रा की बाभूळ सुरू झालं. आई देवाजवळ दिवा लावायची आणि पुटपुटायची, संत्रा होऊ दे. मीही म्हणायची. पाचवीतल्या परीक्षेच्या वेळीसुद्धा मी देवाला इतकी लाडीगोडी लावली नव्हती. आत्या मात्र आवराआवर करून राहिली होती. तिनं हातातलं घड्याळ आईला दिलं, छत्री बगीच्यातल्या सालदार कवडूला दिली, पेटीतल्या तीन चांगल्या साड्या शाळेतल्या बाईंना. "जायचं तं हलक्या हातानं जावं. मी तयार आहे बा," असं ती इतक्या सहज म्हणायची, की मी चिडून उठून जायची. तिला काहीच कसं हवंसं वाटत नाही? मला तर आत्या पाहिजे होती. किती, ते मलाच सांगता येत नव्हतं. शाळेतून आले की आधी तिच्या चपला दारात आहेत का बघायची. असल्या की पोटात गार वाटायचं, आणि लगेच दुखायचं.

गाठ काढल्यावर ती बाटलीत घालून, बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवून, बाबा नागपूरवरून मुंबईच्या गाडीत बसले. परत आले ते खुशीत. "पोहचवलं एकदम व्यवस्थित," म्हणाले. आम्ही निकालाची वाट बघत राहिलो.

निकाल नागपूरला डॉक्टरांकडे आला, तेव्हा आम्ही तिघं पांढुर्ण्याहून सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. समोर नरखेडचा एक व्यापारी बसला होता. तोही बाबांसारखा संत्र्याच्याच धंद्यातला. मग काय, बाबांची गाडी सुटली. कोणत्या मंडीत भाव काय, कोणाचा माल कसा सडला.

"बर्फाचं नावच नोका घेऊ," बाबा म्हणाले. "एका साली मंडीतल्या मोठ्या शेठनं वॅगनमध्ये बर्फाच्या लाद्या टाकल्या. म्हणे कलकत्त्यापर्यंत थंडा राहीन माल. उतरवला तं सालीवर भुरे डाग! बर्फ लागला का फळ जळते. फळाले पायजे वारा, ओलं गोणपाट, कोरडं गवत. बस."

"एकदम खरं," व्यापारी म्हणाला.

"आता मुंबईले गेलो ना मी, बाईचं ते... नमुना घेऊन. डॉक्टरनं बर्फ भरून देला. बडनेऱ्याले झाकण उघडून पाहतो तं बाटलीवर पांढरं पांढरं! म्हटलं, जळलं आता हे. काढला बर्फ सारा, फेकून देला. बाटली ओल्या पंच्यात गुंडाळली अन् खिडकीशी धरून बसलो मुंबईपर्यंत. माह्या बहिणीचा जीव होता त्यात. रातभर डोळा नाही लावला."

व्यापाऱ्यानं मान डोलावली. आत्या खिडकीबाहेर बघत होती. मला डॉक्टरांचे शब्द आठवले, ऊब लागली की नासतो.

मी बाबांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ना, ते मी कधी विसरणार नाही. सगळ्यात चांगलं फळ सगळ्यात चांगल्या माणसाकडे पोचवल्याचं समाधान.

डॉक्टरांनी कागद हातात घेतला, आणि त्यांचा आवाज ऐकूनच मला कळलं.

"रिसेप्टर सापडला नाही."

आत्या म्हणाली, "बाभूळ."

"हो. तेव्हा गोळीत वेळ घालवायला नको. इंजेक्शनं पुढच्या आठवड्यापासून..."

बाबांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. त्यांचे ओठ हलत होते. मी उभी राहिले. छिंदवाड्याला शेकडो लोकांसमोर माझा आवाज चढला होता. इथं चौघंच होतो आणि आवाज फुटत नव्हता. बाबांसमोर बाबांची चूक सांगायची. तीही अशी, रात्रभर जागून केलेली. पण नाही सांगितली तर आत्याला खोट्या निकालावर बाभूळ ठरवून टाकतील.

"डॉक्टर," मी म्हटलं, "त्या कागदावर विश्वास नका ठेवू. बर्फ नव्हता."

"काय?"

"बडनेऱ्यापासून बर्फ नव्हता. बाबांनी काढला. त्यांना वाटलं, जळेल."

डॉक्टर बाबांकडे बघत राहिले. बाबा माझ्याकडे. त्यांना आधी समजलंच नाही मी काय म्हणून राहिले ते. मग समजलं. पन्नाशीचा माणूस एका क्षणात लहान पोरासारखा दिसायला लागला. "मी... मले वाटलं..." एवढंच म्हणाले.

आत्या त्यांच्याकडे वळली. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "काय गा गजानन, मले संत्रा समजला का तू?"

आणि हसली. हसता हसता तिला खोकला आला. बाबांनी तिची पाठ थोपटली आणि तिथंच, डॉक्टरांसमोर, तिच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागले. "बाई... बाई..." आत्या त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. "अरे चूप. चुकला तं चुकला. फेकून तं नाही ना देलं मले बडनेऱ्याले?"

डॉक्टरांनी पाणी मागवलं. मग म्हणाले, "या मुलीनं बरं केलं सांगितलं. आता या निकालाचा अर्थ एवढाच, की आपल्याला काहीच माहीत नाही. संत्राही असेल, बाभूळही असेल."

दुसरी गाठ काढता आली असती, पण ती मोठ्या शिरेला चिकटलेली होती. डॉक्टर नको म्हणाले. म्हणजे दोनच रस्ते राहिले. एक, सरळ इंजेक्शनं. दुसरा, आंधळेपणानं गोळी सुरू करायची आणि बघायचं. गाठ लहान झाली तर संत्रा होता. नाही झाली तर तेवढा वेळ हातातून गेला, आणि तो परत मिळत नाही.

"गोळी," आत्या म्हणाली. "बाभूळ निंघाली तं निंघाली. पण आधीच बाभूळ समजून कुऱ्हाड कायले घ्यायची?"

त्या दिवसानंतर बाबा नागपूरला आले नाहीत. कधी मालाचं कारण, कधी गाडी बिघडल्याचं. बाजारातून आले की आत्याच्या खोलीच्या दारापर्यंत यायचे, "जेवली का बाई?" विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आधी निघून जायचे.

आत्या गोळी घ्यायची सकाळच्या चहाबरोबर. पांढरी, एवढीशी. मला वाटायचं गिळल्या गिळल्या कळावं. मला तिच्या मानेला हात लावायचा असायचा. झोपेत लावावा, वेणी घालून देते म्हणून लावावा, काहीही करून लावावा. पण आत्यानं मानेभोवती पदर गुंडाळून घेतला होता, आणि सक्त ताकीद दिली होती.

"डॉक्टर पाहीन तवा पाहीन. तू रोज चाचपशीन अन् रोज तुयं तोंड पाहून मले समजीन. मले नाही समजून घ्यायचं."

"तुला भीती वाटते?"

"भूगोल वाच तू."

जानेवारीच्या शेवटी बोरगावला पाणी सोडलं. फेब्रुवारीत बगीचा फुलला. ज्यानं संत्र्याचा बहार पाहिला नाही, त्याला तो वास शब्दांत सांगता येत नाही. पांढुर्ण्याहून सौंसरची बस बोरगावच्या फाट्याला लागली की खिडकीतूनच तो अंगावर येतो. गोड, आणि खाली कुठं तरी कडू. आत्यानं शाळेतून सुट्टी घेतली होती, ती तिथंच झोपडीसमोर बाज टाकून बसायची. मी शनिवारी जायची. माझी परीक्षा जवळ आली होती, पण पुस्तकात लक्ष कुठं! मी झाडाखाली बसून आत्याकडे बघायची. ती पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसलेली. पदर मानेला गुंडाळलेला. ती माझ्यापासून दहा हातांवर होती, आणि मला तिची इतकी आठवण येत होती, की ती परगावी गेली असती तरी एवढी आली नसती.

कवडू म्हणाला, "बाई, औंदा बहार झकास आला."

आत्या म्हणाली, "हाव रे. पण फळ खायले मीरग उलटून दिवाळी यावी लागते." आणि मग लगेच दुसरंच काही तरी बोलायला लागली. पण मी ऐकलं होतं. तिच्या आवाजात पहिल्यांदा काही तरी मागणं होतं.

एप्रिलमध्ये माझी परीक्षा संपल्यावर आम्ही दोघीच नागपूरला गेलो. डॉक्टरांनी पदर बाजूला करायला सांगितला. त्यांनी बोटं ठेवली, डोळे मिटले. मग पुन्हा ठेवली. मी त्यांच्या कपाळाकडे बघत होते. मला दुसरीकडे कुठं बघायचं धाडस नव्हतं.

"ये इकडे," ते म्हणाले. "हात लाव."

मी लावला. हाडाच्या वरच्या खळगीत बोट गेलं. आधी काही लागलंच नाही. मग लागलं. मुगाच्या दाण्याएवढं, मऊ, बोटाखाली सरकणारं.

"पान मिटलं," डॉक्टर म्हणाले.

मी ओरडलेच. बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावून गेली. नंतर, आत्या पोलक्याचे हूक लावत होती तेव्हा, मी हळू विचारलं, "किती दिवस राहील मिटलेलं?"

"कधी वर्ष, कधी तीन, कधी जास्त. एक दिवस गाठ गोळीचं ऐकेनाशी होते. का, ते अजून कोणाला नीट माहीत नाही. तोवर गोळी चुकवायची नाही."

परतीच्या पॅसेंजरमध्ये आत्या खिडकीशी बसली. मी मात्र काटोलपर्यंत बडबडत होते. नरखेड गेलं. तिनं खिडकीचे गज धरले होते, आणि बघते तर तिच्या गालावरून पाणी वाहून राहिलं होतं.

"आत्या? अगं, लहान झाली ना!"

"म्हून तं." तिनं नाक पुसलं. "मी म्हणत होती ना, मी तयार आहे? खोटं नव्हतं व ते. खरंच तयार होती. सारं देऊन-घेऊन मोकळी झाली होती. अन् आता हा माणूस म्हणते, पान मिटलं. अन् मले हाव सुटली, विजू. मले तुयं कॉलेज पाह्यचं आहे. शाळेत पहिलीच्या पोराइले ‘ग’ गिरवायले लावायचा आहे. हा बहार खायचा आहे. अन् हा खाल्ला का मंग त्याच्या समोरचा. याले काही शेवटच नाही. वर्ष म्हणे, तीन म्हणे. मले नाही पुरत तेवढं. मले लय जगायचं आहे व."

मी तिचा हात धरला. तिनं माझा इतका आवळला, की बांगडी रुतली.

पांढुर्णा आलं. प्लॅटफॉर्मवर बाबा उभे होते. घामानं थबथबलेले, एकेका डब्यात डोकावत. मी पिशवी उचलली. आत्या हलली नाही.

"आत्या, पांढुर्णा."

"दिसून राहिलं."

"उतर ना."

"नाही उतरत. उतरली का आजचा दिवस संपला. बस खाली. समोरच्या ठेसनाले, तीगावले उतरू."

"आपलं तिकीट..."

"बस म्हटलं ना."

मी बसले. गाडीनं शिटी दिली, डबे हलले, आणि तेवढ्यात बाबांना आम्ही दिसलो. ते खिडकीबरोबर पळायला लागले. धोतराचा सोगा एका हातात.

"विजू! काय म्हणे डॉक्टर? काय म्हणे?"

"लहान झाली, बाबा!" मी गजांना तोंड लावून ओरडले. "लहान झाली! संत्रा!"

बाबा पळता पळता थांबले. मग पुन्हा पळाले. "मंग उतरून काहून नाही राहिल्या?"

आत्यानं माझ्या डोक्यावरून हात बाहेर काढला आणि जोरानं हलवला.

"अजून थोडं समोर जातो गा, गजानन!" ती ओरडली. "अजून थोडंसं!"